अंगठा आणि अक्षर



"सुंदर अक्षर हा खरा दागिना" असे आपल्या वेळी शाळेच्या भिंतीवर लिहिलेले असे. तुमच्यापैकी पुष्कळांना ती भिंत अजून आठवत असेल. आम्हालाही आठवते. आम्ही दोघे, म्हणजे आजी आणि सबा, हा लेख मिळून लिहीत आहोत. सांगते आजी आणि लिहितात सबा, कारण घरात अक्षर त्यांचे चांगले. मधेमधे सबा स्वतःचेही काही घुसडतात, मग आजी ते खोडायला लावते. तरी चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय आहे आमच्या नातवाच्या अक्षराचा. त्याचा जन्म २०१६ चा. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. पण ऐकण्याचे आणि लिहिण्याचे काही नाते असेल असे आम्हाला सत्तरी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हते. त्या न ठाऊक असण्यापायी आमच्या हातून एक चूक झाली. तीच चूक दुसऱ्या कुणा आजी-आजोबांकडून होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी सबांच्या अक्षराचे सांगितले पाहिजे, कारण भांडण तिथूनच सुरू झाले. मुंबईला शाळेत असताना रोज एक पान पुस्ती काढावी लागे. दुरेघी वही, दौत आणि टाक. अक्षर रेघेखाली उतरले तर मास्तर बोटांवर पट्टी मारीत. त्या पट्टीने म्हणा की आणखी कशाने म्हणा, सबांचे अक्षर मोत्यासारखे झाले. त्या अक्षरावरच पुढे रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी मिळाली. १९७० साली आम्ही अलिया करून इस्रायलला आलो, डिमोनाला राहिलो. कारकुनी गेली, कापडाच्या कारखान्यातली पाळी आली. पण अक्षराचा मान इथेही राहिला. शिकूनमधल्या बायका निळे एअरोग्राम घेऊन दारात उभ्या राहत. "भाऊ, आमच्या आईला चार ओळी लिहा ना." चार ओळींच्या चाळीस व्हायच्या, आणि आमचा चहा थंड व्हायचा.

अशा घरात हा नातू जन्मला.

२०१० पासून इस्रायलमध्ये प्रत्येक नवजात बाळाचे कान तपासतात. बाळ झोपलेले असतानाच यंत्र लावून बघतात. आमच्या सुनेला प्रसूतिगृहातच सांगितले की दोन्ही कानांकडून उत्तर येत नाही, पुन्हा तपासू. पुन्हा तपासले, तिसऱ्यांदा तपासले, उत्तर तेच. दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळे अशी जन्मतात, असे डॉक्टरांनी सांगितले. हजारातले ते एक आपल्या घरी आले, हे स्वीकारायला वेळ लागला. सून रडली, मुलगा गप्प झाला. आम्ही दोघे स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

तो वर्षाचा असताना त्याच्या दोन्ही कानांत शस्त्रक्रिया करून कॉकलियर इम्प्लांट बसवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कानाच्या आत, अगदी खोल, गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्या शंखात एक बारीक तार सरकवतात. बाहेर कानावर एक छोटे यंत्र असते आणि डोक्याला लोहचुंबकाने चिकटणारी एक चकती असते. बाहेरचे यंत्र आवाज पकडते आणि त्याचे विजेचे इशारे करून आतल्या तारेकडे पाठवते. त्या तारेवर विजेची छोटी छोटी टोके असतात. आमच्या नातवाच्या तारेवर २२ आहेत. हे ऐकताच सबा म्हणाले, "आलेफ-बेतची अक्षरंही बावीसच!" तेव्हापासून आमच्या घरात तो शुभशकुन मानला गेला.

मूल बोलू लागले. पहिला शब्द "ओर", म्हणजे उजेड. दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला. मग हिब्रू भराभर आली, थोडी मराठीही आली. "आजी, भाकर दे" असे म्हणाला तेव्हा आजीने त्या दिवशी भाकऱ्या किती केल्या त्याची गणती नाही. आम्हाला वाटले, चला, गंगेत घोडं न्हालं. आता हे मूल इतरांसारखेच.

एक गोष्ट तेव्हाही दिसत होती, पण आम्ही तिच्याकडे लक्ष दिले नाही. तो बसायला उशिरा शिकला. चालायला लागला तो विसाव्या महिन्यात. "मुलगे उशिराच चालतात" असे आजीनेच सगळ्यांना सांगून टाकले होते.

सप्टेंबर २०२२ ला तो किता आलेफमध्ये, म्हणजे पहिलीत गेला. दोन महिन्यांत वह्या घरी येऊ लागल्या. वाचायचा छान, हिशेब चोख. पण लिहिलेले पान बघवत नसे. एक अक्षर डोंगरावर, एक दरीत. पेन्सिल इतकी दाबायची की मागच्या पानावर उठायचे, कधी कागदच फाटायचा. चार शब्द लिहिले की डोके टेबलावर. फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगितले तर निम्मे वाक्य गाळायचा. वहीवर शिक्षिकेने लाल शाईने लिहिले होते, "हुशार आहे, पण प्रयत्न करत नाही."

ते वाक्य सबांच्या जिव्हारी लागले. माझा नातू आणि अक्षर असे? लगेच दुरेघी वही आणली. वरच्या ओळीत कित्ता घालून द्यायचा आणि खाली नातवाने दहा ओळी गिरवायच्या. रोज. शनिवार सोडून. पहिल्या आठवड्यात दहा ओळी झाल्या. दुसऱ्या आठवड्यात पाच. तिसऱ्या आठवड्यात पोटात दुखू लागले. सबांचा आवाज चढू लागला. "आळस आहे हा! सरळ बस! रेघ दिसत नाही तुला?"

एके संध्याकाळी मुलाने पेन्सिल खाली ठेवली. शांतपणे दोन्ही कानांवरची यंत्रे काढली, वहीवर एकाशेजारी एक ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. सबा बोलतच होते. शेवटी आजी म्हणाली, "अहो, कुणाशी बोलताय? त्याने कान काढून ठेवलेत."

वाचकहो, त्या क्षणी घरात जी शांतता पसरली ती अजून आठवते. सहा वर्षांच्या मुलाला आपल्या आजोबांचे बोलणे ऐकण्यापेक्षा बहिरे राहणे बरे वाटले. हीच ती आमची चूक.

त्यानंतर सुनेने पुढाकार घेतला. बेर शेवाला एका बाईंकडे नाव नोंदवले. त्यांचे काम हिब्रूत "रिपुई बे-इसुक", मुंबईत त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. हाताचे, बोटांचे, रोजच्या कामाचे प्रशिक्षण. आम्हीही सोबत गेलो. आम्हाला वाटले होते त्या त्याच्या हातात पेन्सिल देतील. त्यांनी पेन्सिल दिलीच नाही. एका पायावर उभे राहायला सांगितले. मग जमिनीवरच्या दोरीवरून चालायला सांगितले. मग डोळे मिटून उभे राहायला सांगितले, तर तो लगेच तोल जाऊन त्यांच्या अंगावर आला. मग त्यांनी सुनेला विचारले, बसला कधी? चालला कधी? झोपाळ्याला घाबरतो का? आणि रात्री दिवा नसला तर भिंत धरून चालतो का?

शेवटचा प्रश्न ऐकला आणि आजी खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभी राहिली. तिला तिचा दादा आठवला.

दादा आजीचा थोरला भाऊ. अलिबागेजवळच्या आमच्या गावात त्याला सगळे "मुका" म्हणत. खरे म्हणजे तो मुका नव्हता, त्याला ऐकू येत नव्हते. ऐकू न आल्यामुळे बोलणे आले नाही. मुंबईत अशा मुलांची शाळा १८८० च्या दशकातच निघाली होती. पण गावात ही गोष्ट सांगणार कोण, आणि मुलाला बोटीने मुंबईस नेऊन ठेवणार कोण? दादा शाळेत गेला नाही. सुताराच्या हाताखाली बसला. आणि काय हात होता त्याचा! पोळपाट, पाट, पाळणे, सिनेगॉगच्या बाकांची दुरुस्ती. जमिनीवर फतकल मारून बसायचा, लाकूड पायांत धरायचा आणि पटाशीने वेल कोरायचा. बघणाऱ्याचे भान हरपायचे.

पण संध्याकाळ झाली की दादा घराबाहेर पडायचा नाही. बांधावरून यायची वेळ आली तर आमचा हात घट्ट धरायचा. घरात कंदील विझला की भिंतीला हात लावून चालायचा. मुले हसायची, "मुका भुतांना भितो." आम्हीही हसलो आहोत. डिमोनाला आल्यावरही शुक्रवारी रात्री सिनेगॉगमधून परतताना तो सबांचा दंड धरूनच चालायचा. दादा १९९८ साली गेला. त्याला अंधारात कसली भीती वाटते हे आम्ही एकदाही विचारले नाही. विचारणार तरी कसे?

त्या बाईंनी आम्हाला जे समजावले ते आता तुम्हाला सांगतो. बालमित्रांनो, तुम्हीही ऐका, यात गंमत आहे.

आपल्या कानाच्या आत नुसते ऐकण्याचे यंत्र नसते. त्या शंखाला लागूनच तोल सांभाळण्याचे यंत्र असते. तीन बारीक अर्धगोल नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या, आत पाण्यासारखा द्रव. डोके हलले की आत हालचाल होते आणि मेंदूला कळते की आपण वाकलो, वळलो की पडतो आहोत. ऐकण्याचे आणि तोलाचे असे दोन्ही निरोप घेऊन जाणारी शीरही एकच. म्हणजे हे दोघे भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी. एका घराला आग लागली तर शेजारच्या घराला झळ बसू शकते. म्हणून ज्या मुलांना आतल्या कानामुळे ऐकू येत नाही, त्यांतल्या पुष्कळांचे तोलाचे यंत्रही कमजोर असते. ती मुले मान उशिरा धरतात, उशिरा बसतात, उशिरा चालतात. पुढे डोळ्यांच्या आणि पायांच्या आधाराने तोल सांभाळायला शिकतात. मग कुणाला काही कळतही नाही. पण दिवा मालवला की डोळ्यांचा आधार जातो, आणि हात भिंत शोधतो.

दादाची कधी तपासणी झाली नाही, त्यामुळे त्याचे कारण तेच होते असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण भुते नव्हती, एवढे आता नक्की वाटते.

आता तोलाचा आणि अक्षराचा काय संबंध? एक प्रयोग करा. उंच स्टुलावर बसा, पाय लोंबकळू द्या, पाठ कशाला टेकू नका आणि मांडीवर वही घेऊन आपले नाव लिहा. जवळ मोठे माणूस असू द्या हं, नाहीतर आम्हाला बोल लागायचा. मग खुर्चीवर नीट बसा, पाय जमिनीवर ठेवा, हात टेबलावर टेका आणि पुन्हा तेच नाव लिहा. दोन्ही नावे शेजारी ठेवून बघा. बोटे तीच, पेन्सिल तीच, तरी अक्षर वेगळे. कारण बोटांना मनगटाचा आधार लागतो, मनगटाला कोपराचा, कोपराला खांद्याचा आणि खांद्याला कण्याचा. खालचा पाट डुगडुगत असेल तर वरचा तांब्या स्थिर कसा राहील? आमच्या नातवाची निम्मी ताकद नुसते सरळ बसून राहण्यात जात होती. उरलेल्या निम्म्यात लिहायचे. पेन्सिल इतकी दाबायची कारणही तेच. तो पेन्सिलीलाच धरून बसला होता, जसा दादा सबांचा दंड धरायचा.

दुसरी गोष्ट फळ्याची. डोके वर केले, खाली केले, तरी आपली नजर डगमगत नाही, कारण कानातले तोलाचे यंत्र डोळ्यांना सावरून धरते. ते कमजोर असेल तर फळ्यावरून वहीवर आणि वहीवरून फळ्यावर येता-जाता ओळ हरवते. आम्ही म्हणत होतो, "लक्ष नाही." लक्ष होते, पण जागा सापडत नव्हती.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. वर्गात शिक्षिका बोलतात आणि मुले खाली मान घालून लिहितात. कान आपले काम करतात, डोळे आपले. आमच्या नातवाचे तसे नाही. यंत्राने ऐकू येते, पण गोंगाटात आणि लांबून नीट कळत नाही, म्हणून त्याला बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागते. तोंडाकडे बघितले तर वही दिसत नाही, वहीकडे बघितले तर बोलणे निसटते. आणि शिक्षिका फळ्याकडे तोंड करून बोलल्या की सगळेच गेले. दिवसभर कान देऊन, डोळे देऊन ऐकण्याचा त्याला जो थकवा येतो तो आपल्या लक्षात येत नाही. अशा थकलेल्या मुलाला आम्ही संध्याकाळी दहा ओळींना बसवत होतो!

शिवाय हिब्रू अक्षरांची आपली वेगळीच गंमत. पहिलीत मुलाला छापील अक्षर वाचायचे असते आणि लिहायचे असते हाताचे अक्षर. दोन्हींची वळणे वेगळी. दालेत आणि रेश, बेत आणि काफ छापात सारखे दिसतात. हाताच्या अक्षरात गिमेल आणि झायिन एकमेकांचे आरशातले रूप. अक्षरे बावीस, त्यांतल्या पाचांची शब्दाच्या शेवटी वेगळी रूपे. आणि तेत-ताव, काफ-कोफ ऐकायला सारखेच. सगळे डोक्यात साठवायचे, हाताने काढायचे, तेही तोल सांभाळत आणि तोंडाकडे बघत. काही शास्त्रज्ञांचे असेही म्हणणे आहे की आवाज एकामागून एक येतात, म्हणून ते ऐकता ऐकता लहान बाळाला क्रमाची सवय लागते, आणि ज्यांचे ऐकणे उशिरा सुरू होते त्यांना हा क्रम बसायला वेळ लागतो. हे सर्वांनाच पटलेले नाही. आम्ही फक्त ऐकले ते सांगतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. ऐकू न येणाऱ्या प्रत्येक मुलाचे अक्षर वाईट असते, असा अर्थ कुणी काढू नये. पुष्कळांचे तोलाचे यंत्र ठणठणीत असते आणि अक्षर आमच्या सबांच्या तोडीचे. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्यांची बोटे बघा. जेरुसलेमला १९३२ साली ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा निघाली, तिच्यापासून इथल्या खुणांच्या भाषेची वाढ झाली. त्या बोटांचा वेग आपल्या बोटांना जन्मात जमणार नाही. आणि दादाच्या पटाशीचे तर सांगितलेच. म्हणून हाताला दोष देण्याआधी विचारायचे, की अडते आहे ते नेमके कुठे?

घरी आल्यावर दोन दिवस सबा फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आजीने पेटीतून एक जुनी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. १९७० च्या उलपानातली. सत्तावीस वर्षांचे सबा, मोत्यासारख्या अक्षराचे, उजवीकडून डावीकडे लिहायला शिकत होते. एक अक्षर डोंगरावर, एक दरीत. पान फाटलेले. समासात उलपानच्या शिक्षिकेने पेन्सिलीने लिहिले होते, "लात लात", म्हणजे हळूहळू.

सबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हिने मला पट्टी मारली नव्हती."

मग आमच्या घरात दुसरी शाळा सुरू झाली. दुरेघी वही कपाटात गेली. बाईंनी सांगितले होते, आधी अंग, मग हात, मग बोटे. सबा त्याला रोज बागेत नेऊ लागले. दोरीवर चढणे, गवतावर चार पायांवर चालणे, झोपाळा, चेंडू. ऐंशीकडे झुकलेला माणूस नातवाबरोबर गवतावर रांगताना पाहून शेजारीण धावत आली, तिला वाटले पडले.

बोटांचे खाते आजीकडे. बाईंनी कणकेसारखी रंगीत माती, मणी ओवणे, चिमटे लावणे असे सांगितले. आजी म्हणाली, यासाठी दुकानात कशाला जायला हवे? वाल भिजत घातले आणि बिरडे सोलायला त्याला शेजारी बसवले. अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीत वाल धरून दाबला की डाळिंबी टुणकन उडते. पहिल्या दिवशी अर्ध्या डाळिंब्या फ्रिजखाली गेल्या. मग करंज्या. करंजीची कड दाबत मुरड घालायची म्हणजे तीन बोटांचा खेळ. पेन्सिल धरायलाही तीच तीन बोटे लागतात. त्याच्या पहिल्या करंज्या तळताना फुटल्या, सारण तेलात. आम्ही त्या आवडीने खाल्ल्या. मलिद्याचे पोहे निवडायचे कामही आता त्याचेच. धुतलेल्या कपड्यांना चिमटे लावायचे कामही त्याचे.

आणि धुळाक्षरे. तुमच्यापैकी वयस्कर मंडळींना धूळपाटी आठवत असेल. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचे. चुकले तर हाताने पुसायचे, खाडाखोड नाही, लाल शाई नाही. आजीने परातीत रवा पसरला. मोठे आलेफ, मोठे बेत, बोटाने. बाईंना सांगितले तर त्या खूश झाल्या, म्हणाल्या आम्हीही वाळूत हेच करतो. आपल्या पंतोजींना ही विद्या तेव्हाच ठाऊक होती म्हणायची.

एक काम राहिले होते. बाईंनी सांगितले होते की टेबल त्याच्या उंचीचे हवे, पाय टेकायला आधार हवा आणि वहीखाली उतरती फळी असली तर मनगटाला बरे पडते. आमच्याकडे माळ्यावर दादाची हत्यारे होती. रंधा, पटाशी, करवत. दादा गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. सबांनी ती खाली काढली, तेलपाणी केले. सबांना सुतारकाम येत नाही. चार दिवस लागले, एक बोट चेचले, पण फळी झाली, पायाखालचा पाटही झाला. नातवाने विचारले, "ही हत्यारं कुणाची?" आजीने दादाची सगळी गोष्ट सांगितली. अंधाराचीही. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "त्याच्याकडे टॉर्च नव्हता का?"

शाळेतही बदल झाला. सुनेने शिक्षिकेला सगळे समजावले. त्या चांगल्या आहेत, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आता त्या गळ्यात छोटा मायक्रोफोन घालतात, त्यांचा आवाज थेट त्याच्या यंत्रात जातो. आधी बोलतात, मग लिहायला वेळ देतात, दोन्ही एकदम नाही. फळ्यावरचे त्याला कागदावर छापून देतात. लांबलचक निबंध तो संगणकावर लिहितो. सबांना आधी ते आवडले नव्हते. आता म्हणतात, विचार पोचला म्हणजे झाले, टाकाने पोचो की टायपिंगने.

हे सारे महिना-दोन महिन्यांत झाले नाही. दीड वर्ष लागले. आजही त्याचे अक्षर मोत्यासारखे नाही. वाटाण्यासारखे आहे म्हणा, थोडे घरंगळते. पण रेघेवर बसते आणि वाचता येते. पान फाटत नाही. मुख्य म्हणजे, त्याने सबांसमोर पुन्हा कधी कान काढून ठेवले नाहीत.

आजी-आजोबांनो, तुमच्या घरी असे मूल असेल तर आमचे एवढेच सांगणे. मूल उशिरा बसले, उशिरा चालले, अंधारात अडखळले, तर "होईल आपोआप" म्हणून सोडू नका. कानाच्या डॉक्टरांना तोलाबद्दलही विचारा. लहान मुलांसाठी मिखा ही संस्था १९५० च्या दशकापासून इथे काम करते आहे, अशा ठिकाणी लाजेकाजेस्तव जायचे टाळू नका. आणि "आळशी" हा शब्द उच्चारण्याआधी दहा आकडे मोजा. बालमित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाच्या कानावर असे यंत्र असेल तर त्याच्यासमोर येऊन बोला, तोंडावर हात ठेवू नका, आणि त्याचे लिहायचे राहिले तर आपली वही द्या.

शेवटी आमच्या पेटीतल्या दोन कागदांविषयी. एक आहे दादाचा १९७० चा पासपोर्ट. सहीच्या जागी निळ्या शाईतला अंगठा. वेल कोरणाऱ्या हाताचा तो अंगठा. त्या हाताला अक्षर जमले नसते असे नाही, कुणी शिकवलेच नाही. दुसरा कागद या वर्षीचा आहे. नातवाने फळीवर कागद ठेवून, पाटावर पाय टेकवून, हाताने लिहिलेला. आधी हिब्रूत स्वतःचे नाव. त्याखाली, सबांना न सांगता आजीकडून शिकलेले, डावीकडून उजवीकडे, डोक्यावरची रेघ थोडी तिरकी, मराठीत एकच शब्द: "दादा".

दोन्ही कागद आम्ही एकाच पाकिटात ठेवले आहेत.

सर्वांना शालोम.